पैलवान मुलाच्या हाती ‘यूएफसी ५’ : गेम काय शिकवतो आणि काय नाही

तुम्ही खानापूरहून लिहिता की तुमचा १७ वर्षांचा धाकटा भाऊ गावच्या तालमीत कुस्ती खेळतो, मोबाइलवर यूएफसी या संस्थेच्या लढती पाहून त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या एमएमएची ओढ लागली आहे आणि आता ‘ईए स्पोर्ट्स यूएफसी ५’ हा गेम हवा म्हणून तो घरी हट्ट धरून बसला आहे. घरात प्लेस्टेशन ४ आहे आणि त्यावर हा गेम चालत नाही. तेव्हा नवा कन्सोल घ्यावा का, गेम खेळून खऱ्या लढतीचे त्याला काही शिकता येईल का, आणि असल्या खेळाने पोरगा वाया जाईल असे बजावणाऱ्या वस्तादांचे म्हणणे कितपत मनावर घ्यावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

माझ्या मते या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. गेम चांगला आहे की वाईट, हे तुम्हाला कुठल्याही दुकानात सांगतील. लाल मातीत वाढलेल्या मुलाच्या हाती तो पडला तर त्यातले काय त्याच्या अंगी लागेल, काय लागणार नाही आणि कुठे त्याचा गैरसमज होईल, हे तुम्हाला खरे जाणून घ्यायचे आहे. मी बेळगावात वाढलो, लहानपणी गल्लीतल्या तालमीत कुस्ती केली, पुढे बॉक्सिंग आणि जिऊ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची विद्या, शिकलो, आणि आता कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून येणाऱ्या मुलांना एमएमए शिकवतो. त्यांतील बहुतेकांचा पाया कुस्तीचाच असतो. हे गेम मी बरीच वर्षे खेळत आलो आहे आणि शिकवताना त्यांचा उपयोगही करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी ते अनुभवाचे आहे असे समजावे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. भावाला केवळ करमणूक हवी आहे की तो खरोखर एमएमएकडे वळू पाहतो आहे, घरात इंटरनेट कितपत स्थिर आहे, आणि पहाटेच्या मेहनतीला धक्का न लावता खेळायला त्याच्याकडे वेळ आहे का, यांवर माझा सल्ला बदलेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कुस्तीगीर एमएमएत उतरतो तेव्हा त्याला ज्या गोष्टी परक्या असतात, म्हणजे अंतर राखणे, ठोसे आणि लाथा यांचा हिशेब, पाच-पाच मिनिटांच्या राउंडमध्ये दम पुरवून वापरणे आणि पाठ टेकल्यावरही लढत चालूच असते हे भान, त्या गोष्टी हा गेम फार चांगल्या दाखवतो. ज्या गोष्टी तालमीने त्याला आधीच दिल्या आहेत, म्हणजे पकड, पट काढणे, अंगाचे वजन खालच्यावर टाकणे, त्यांच्या बाबतीत गेम दुबळा आहे, आणि तिथे त्याने गेमवर विश्वास ठेवला तर हातात असलेली विद्याही बिघडेल.

कोणता गेम कोणता, याचा आधी थोडा उलगडा करतो, कारण जुन्या डिस्क विकताना दुकानदार सरसकट ‘यूएफसीचा गेम’ एवढेच सांगतात. टीएचक्यू या कंपनीने जपानच्या यूक्सकडून करवून घेतलेले ‘अनडिस्प्यूटेड’ मालिकेतले गेम २००९, २०१० आणि २०१२ साली आले. २०१२ मध्येच यूएफसीचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे, म्हणजे ईएकडे गेले. ईएचा पहिला गेम जून २०१४ मध्ये आला, दुसरा २०१६ मध्ये, तिसरा फेब्रुवारी २०१८ मध्ये, चौथा ऑगस्ट २०२० मध्ये आणि पाचवा ऑक्टोबर २०२३ मध्ये. चौथा गेम प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यासाठी आहे आणि तो प्लेस्टेशन ५ वरही चालतो. पाचवा केवळ प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांवर चालतो. संगणकासाठी पाचवा गेम निघालेला नाही, त्यामुळे कोणी लॅपटॉपवर ‘यूएफसी ५’ बसवून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

आता गेमच्या जमेच्या बाजूकडे वळतो आणि दमाची गोष्ट सर्वांत आधी घेतो, कारण आपल्याकडच्या मुलांना तीच सर्वांत उशिरा कळते. जत्रेच्या मैदानातल्या निकाली कुस्तीत पहिल्या झटक्यात डाव साधायची सवय लागते, आणि मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती झाली तरी ती तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत संपते. यूएफसीची साधी लढत ५ मिनिटांच्या ३ राउंडची असते आणि किताबाची लढत ५ राउंडची, म्हणजे २५ मिनिटांची. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रत्येक ठोसा आणि प्रत्येक लाथ पडद्यावरच्या दमाच्या पट्टीतून काही भाग खाते, आणि वाया गेलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा महाग पडतो. हात आवरून मागे सरले की पट्टी पुन्हा भरते, परंतु लढत पुढे सरकते तशी ती कुठपर्यंत भरेल याची मर्यादाच खाली येत जाते. पोटावर आणि बरगड्यांवर बसलेले ठोसे ही मर्यादा आणखी खाली खेचतात. त्यामुळे पहिल्या राउंडमध्ये बटणे बडवत सुटलेला मुलगा तिसऱ्या राउंडमध्ये हात उचलू न शकणारा खेळाडू घेऊन उभा असतो, आणि समोरचा तोवर शांतपणे त्याला टिपत असतो. वस्ताद हीच गोष्ट ओरडून सांगत असतात. पडद्यावर आपलाच खेळाडू आपल्याच उतावळेपणाने हरताना पाहिला की मुलांना ती पटते, हे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरी जमेची बाजू अंतराची आहे. कुस्तीत खडाखडी सुरू झाली की दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना टेकलेली असतात, हात मानेवर असतात आणि त्या अंतरावर पैलवान घरच्यासारखा वावरतो. एमएमएत नेमके तेच अंतर पार करताना मार बसतो. गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या हाताची पोच वेगळी आहे. कोणाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कुठपर्यंत येतो, लाथ कुठून लागते आणि कुठून हवेत जाते, हे थोड्याच दिवसांत डोळ्यांत बसते. समोरचा ठोसा टाकण्याच्या किंवा पुढे पाऊल टाकण्याच्या क्षणी त्याला गाठले तर घाव जास्त लागतो, हा नियमही गेमने नेमका पकडला आहे. खऱ्या लढतीतही माणूस पुढे येत असताना बसलेला साधा ठोसा त्याला पाडतो, कारण त्याचे स्वतःचे वजनच त्या ठोशाला येऊन मिळते. सरळ धावत जाऊन पटात शिरू पाहणाऱ्या मुलाला गेम गुडघा खायला लावतो, आणि हा धडा घरी, दात शाबूत असताना मिळालेला बरा.

पायावरच्या लाथांचे तसेच आहे. आपल्या मुलांना पिंढरीवर बसलेली लाथ म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते, कारण मातीत त्याहून मोठा मार खाऊन ती उठलेली असतात. जानेवारी २०२१ मध्ये यूएफसीच्या लढतीत डस्टिन पॉरियरने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये ठोशांनी पाडले, परंतु त्या ठोशांची वाट पिंढरीवरच्या लाथांनी करून दिली होती. पुढचा पाय जड झाल्यावर मॅकग्रेगरला नीट सरकताच येईना. गेममध्ये डोके, धड आणि पाय यांची इजा वेगवेगळी मोजली जाते, आणि पायाची इजा वाढली की खेळाडू लंगडू लागतो व त्याचे सरकणे मंदावते. पाचव्या गेममध्ये याला आणखी खोली आली आहे. एक डोळा सुजला तर त्या बाजूने येणाऱ्या माऱ्यापासून बचाव कमजोर होतो, नाकाला मार बसला तर दम परत यायला वेळ लागतो, आणि जखम वाढल्यास डॉक्टर लढत थांबवू शकतो. कुठली जखम पुढे काय करते, ही साखळी समजावण्यासाठी मला यापेक्षा सोयीचे साधन सापडलेले नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते तुमच्या भावासाठी सर्वांत मोलाची आहे. कुस्तीत पाठ मातीला लागली की सगळे संपते, म्हणून पैलवानाच्या अंगात लहानपणापासून एकच प्रतिक्रिया मुरलेली असते: पडलो तरी चित व्हायचे नाही, पालथे पडायचे, हातपाय पसरून छाती जमिनीला चिकटवायची आणि वरच्याला पलटवू द्यायचे नाही. माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक पैलवान पहिल्या सरावात हेच करतो. कुस्तीत हा उत्तम बचाव आहे. एमएमएत मात्र पालथ्या माणसाच्या पाठीवर समोरचा बसतो, दोन्ही पायांचे आकडे मांड्यांत घालतो, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती नेतो आणि मागून गळा आवळतो. त्यापेक्षा पाठीवर पडून समोरच्याची कंबर दोन्ही पायांनी वेढणे, म्हणजे गार्ड घेणे, कितीतरी सुरक्षित असते. पैलवानाला हे शब्दांनी पटत नाही. त्याचे अंग ऐकत नाही. गेममध्ये मात्र तो पुन्हा पुन्हा पाठ देतो, पुन्हा पुन्हा त्याच पकडीत हरतो, आणि मग एक दिवस आपण होऊन विचारतो की इथे वळायचे नसेल तर करायचे काय. तो प्रश्न त्याच्या तोंडून आला की माझे निम्मे काम झालेले असते.

पटात शिरताना मान उघडी ठेवण्याचा धोकाही याच जातीचा आहे. कुस्तीत मान समोरच्याच्या काखेत सापडली तर थोडा त्रास होतो, पण गळा आवळून कुस्ती जिंकता येत नाही. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय खेळाडू भरत कंदारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला साँग यादोंगकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला, तो याच समोरून घातलेल्या गळफासाने, ज्याला गिलोटिन म्हणतात. भावाला ती लढत दाखवा आणि मग गेममध्ये हा गळफास कुठून येतो ते पाहायला सांगा.

आता उणिवांकडे येतो, आणि इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल. एकेरी पट कसा काढला जातो ते आठवा. खडाखडीत समोरच्याची मान दाबायची, दाबाला विरोध म्हणून तो मान वर उचलतो तोच क्षण पकडायचा, दुसऱ्या हाताने त्याचे कोपर वर सारून खाली शिरायचे, डोके बरगडीला चिकटवायचे, गुडघ्यामागे दोन्ही हातांची पकड बांधायची आणि पाय आपल्या छातीशी ओढून घ्यायचा. इतके करूनही तो पडत नाही. तो एका पायावर उड्या मारतो, तुमच्या डोक्यावर वजन टाकतो, पकड सोडवू पाहतो, आणि मग तुम्ही दिशा बदलून दुसरा पाय झाडता किंवा पट सोडून कमरेला मिठी घालता. या सगळ्यात पैलवानाची खरी विद्या त्या पहिल्या दाबात आणि शेवटच्या बदलात असते. गेममध्ये याचे दोन बटणांत काम संपते. बटणे दाबली की ठरलेली हालचाल सुरू होते, समोरच्याने वेळेवर उत्तर दिले तर ती फसते, नाही दिले तर तो पडतो. मनगट धरणे, कोपर सारणे, दिशाभूल करून वजन एका पायावर आणणे यांना तिथे जागाच नाही. चौथ्या गेमपासून एकमेकांना धरून उभ्याने झुंजण्याचा भाग बराच सुधारला, ठोसे टाकता टाकता मिठीत शिरता येऊ लागले, हे खरे. परंतु हातांची जी लढाई कुस्तीचा जीव आहे ती अजूनही तिथे नाही.

जमिनीवर गेल्यावर ही उणीव आणखी जाणवते. गेममध्ये जमिनीवरच्या स्थिती ठरलेल्या आहेत, आणि एका स्थितीतून कुठे जाता येईल त्या वाटाही मोजक्याच आहेत. कंट्रोलरवरची उजवी काडी (स्टिक) एका दिशेला ढकलली की वरचा पुढच्या स्थितीत जाऊ लागतो, खालच्याने बचावाचे बटण धरून काडी त्याच दिशेला नेली की तो अडतो. हा अंदाज बांधण्याचा खेळ आहे, आणि तो रंगतदारही होतो. परंतु खऱ्या झुंजीत वरचा माणूस आपले वजन कुठे टाकतो यावर सगळे ठरते. छाती खालच्याच्या तोंडावर टाकली की त्याला श्वास घ्यायला मान वळवावी लागते, मान वळली की खांदा उघडा पडतो, खांदा उघडला की हात मिळतो. हा दाब कंट्रोलरमधून कळणे शक्य नाही, यात निर्मात्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. मात्र गेममध्ये खाली सापडलेला मुलगा निवांत बसून दम भरू शकतो आणि मग सुटतो, त्यामुळे खाली राहण्यात विशेष धोका नाही असा समज रुजतो, तो घातक आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे यूएफसीचा माजी विजेता खबीब नुरमागोमेदोव. २९ लढती, २९ विजय आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निवृत्ती. तो गेममध्ये आहे, त्याचे आकडेही मोठे आहेत. तरी त्याला घेऊन खेळताना तो खबीब वाटत नाही. खरा खबीब समोरच्याला केजच्या, म्हणजे लढतीच्या पिंजऱ्याच्या, जाळीशी बसवतो, त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांनी बांधून टाकतो, त्याचे एक मनगट पाठीमागून धरतो आणि मोकळ्या हाताने मारत राहतो. सुटायला जागा द्यायची आणि तिथेच पुन्हा गाठायचे, असे मिनिटामागून मिनिट चालते. सलग चालणारी ही कुस्ती, एका प्रयत्नातून दुसऱ्या प्रयत्नात शिरणे, गेमच्या तुकड्या-तुकड्यांच्या हालचालींत बसत नाही. कुस्तीच्या मुलांना नेमका हाच खेळाडू आवडतो, म्हणून त्यांना मी आवर्जून सांगतो की खबीब त्याच्या लढतींमधून शिकायचा.

सबमिशन, म्हणजे गळा आवळून किंवा सांधा पिळून शरणागती घेणे, हा भाग प्रत्येक गेममध्ये वेगळ्या तऱ्हेने केलेला आहे. चौथ्यात पडद्यावर दोन पट्ट्या येतात आणि एकाने दुसऱ्याची पट्टी गाठायची किंवा चुकवायची असते. त्याचा खऱ्या पकडीशी फारसा संबंध नाही. पाचव्यात ती पट्ट्यांची झटापट काढून टाकली आणि पकड टप्प्याटप्प्याने घट्ट होत जाते, समोरचा प्रत्येक टप्प्यावर सुटायचा प्रयत्न करतो, असे केले. हे वास्तवाच्या अधिक जवळ आहे. तरीही एक गोष्ट दोन्हींत हरवते, आणि ती सुरक्षिततेची आहे. कोपर पिळले जात असताना दुखणे सुरू होण्याआधीच हाताने थोपटून शरण जायचे, आणि समोरच्याने थोपटताच त्या क्षणी सोडायचे, हा एमएमएच्या सरावातला पहिला नियम. आपल्या कुस्तीत शरण जाण्याची पद्धत नाही, उलट सोसण्याचे कौतुक असते. गेममध्ये खेळाडू आपोआप थोपटतो, त्यामुळे ही सवय मुलाला कुणीतरी माणसानेच लावावी लागेल. गेममध्ये पाहिलेली हातपिळणी त्याने तालमीतल्या मित्रावर करून पाहू नये, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. फिरून मारायच्या लाथांचेही तसेच. पडद्यावर त्या सहज लागतात, आणि मुले दातांचे संरक्षण न घालता अंगणात त्यांचा प्रयोग करतात.

एकच खेळाडू घडवत नेण्याच्या ‘करिअर मोड’बद्दल थोडक्यात. हौशी लढतींपासून सुरुवात करून किताबापर्यंत जायचे, लढतीआधीचे आठवडे सराव, प्रसिद्धी आणि समोरच्याचा अभ्यास यांत वाटायचे, सरावात अति केले तर दुखापत घेऊन लढतीला उतरायचे, ही मांडणी चांगली आहे. चौथा गेम खेळलेल्याला पाचव्यात यापेक्षा फारसे नवे मिळत नाही, आणि ही तक्रार मला रास्त वाटते. वजन उतरवण्याचा भाग तर नाहीच. वजनाच्या दिवसाआधी पोट मारलेल्या प्रत्येक पैलवानाला ठाऊक आहे की निम्मी लढत तराजूवरच होते.

ऑनलाइन खेळण्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. प्लेस्टेशनवर त्यासाठी प्लेस्टेशन प्लसचे वेगळे पैसे भरावे लागतात. जोडणी अडखळली की ठोशाच्या वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि जो हिशेब शिकण्यासाठी आपण गेम घेतला तोच हातचा जातो. पावसाळ्यात खानापूर भागात वीज आणि नेट यांची काय अवस्था होते ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय ऑनलाइन जिंकण्यासाठी मुले गेमच्या त्रुटी हेरून एकच हालचाल सतत करत राहतात, त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. खर्चाच्या बाबतीत तिसऱ्या गेममध्ये पैसे देऊन पत्त्यांची पाकिटे घेण्याचा आणि त्यांतून खेळाडू बळकट करण्याचा प्रकार होता, त्यावर बरीच टीका झाली आणि चौथ्यात तो काढला गेला. चौथ्यातही प्रकाशनानंतर पुनर्दृश्यांच्या वेळी पडदाभर जाहिराती दाखवल्या गेल्या होत्या, लोक चिडले तेव्हा त्या मागे घेतल्या. तुमच्या कार्डाचा तपशील कन्सोलवर साठवून ठेवू नका, एवढी काळजी पुरेशी आहे.

वस्तादांच्या म्हणण्याकडे आता वळतो. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त रोख थोडा बदलायला हवा. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या मुलाने रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसणे म्हणजे खुराक आणि मेहनत दोन्ही वाया घालवणे. हा धोका खरा आहे, आणि तो कुठल्याही गेमला लागू आहे. दुसरे असे, की पाचव्या गेममधील रक्त आणि जखमा इतक्या स्पष्ट आहेत की अमेरिकेतल्या वर्गीकरणात त्याला १७ वर्षे व त्यावरील अशी मर्यादा मिळाली. मालिकेत असे पहिल्यांदाच घडले, आधीचे गेम किशोरांसाठी म्हणून वर्गीकृत होते. तुमचा भाऊ त्या वयात बसतो, घरात त्याहून लहान मुले असतील तर त्यांच्यासमोर लावू नये. परंतु एमएमएची ओढ लागली म्हणून कुस्ती सुटेल, ही वस्तादांची भीती असेल तर त्यांना भेटून समजावा की या खेळात कुस्तीच्या पायाला फार मोठी किंमत आहे आणि निदान पुढची दोन-तीन वर्षे तरी भावाने त्यांच्याच हाताखाली मेहनत करावी असे माझेही मत आहे. बेळगावातल्या आनंदवाडीच्या कुस्ती आखाड्यात उतरण्याची तयारी करणारा मुलगा आणि केजमध्ये उतरू पाहणारा मुलगा यांची पहिली काही वर्षे सारखीच असतात.

खरेदीबद्दल माझा सल्ला असा, की केवळ या गेमसाठी प्लेस्टेशन ५ घेऊ नका. तुमच्याकडे असलेल्या प्लेस्टेशन ४ वर चौथा गेम लावा; त्याची वापरलेली डिस्क बेळगावात किंवा कोल्हापुरात शोधली तर मिळून जाते आणि नको झाल्यास पुन्हा विकता येते. दम, अंतर, लाथांची इजा, पाठ देण्याचा धोका, हे मी वर सांगितलेले सगळे धडे चौथ्यातही आहेत. पाचव्यात चित्र अधिक जिवंत आहे, डॉक्टरचा आणि जखमांचा भाग नवा आहे आणि सबमिशन सुधारले आहे. घरात नवा कन्सोल अन्य कारणाने येणारच असेल तर मात्र पाचवा घ्या. जे पैसे वाचतील त्यांत चांगले हातमोजे, दातांचे संरक्षण आणि बॉक्सिंगच्या शिकवणीचे काही महिन्यांचे शुल्क भागेल, आणि कुस्तीच्या मुलाला सध्या त्याचीच गरज जास्त आहे.

गेम घरी आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्याला ‘स्टँड अँड बँग’ हा प्रकार लावून द्या. त्यात खाली पाडणे आणि धरणे बंद असते, फक्त उभ्याने लढावे लागते, त्यामुळे पैलवानाला आपल्या आवडत्या वाटेने पळ काढता येत नाही. खेळाडू निवडताना सारख्या उंचीचे आणि सारख्या वजनगटाचे दोघे निवडावेत आणि पहिल्या राउंडमध्ये जॅब व पिंढरीवरची लाथ याखेरीज काही वापरायचे नाही असा नियम घालावा. हे जमू लागले, म्हणजे तिसऱ्या राउंडच्या अखेरीस दमाची पट्टी बऱ्यापैकी शिल्लक राहू लागली, की मग पूर्ण नियमांच्या लढती, संगणकाची काठिण्यपातळी वर नेऊन. त्या लढतींत तो खाली सापडला आणि पालथा वळला, की तिथेच गेम थांबवून त्याला विचारा की आता समोरच्याचा हात कुठे येणार आहे.